रिकाम्या गाडीचा अल्बम

आमच्या बँडचा तो अल्बम भिकार आहे, असं मी कित्येक वर्षं येईल त्याला सांगत होतो. माझं मत ऐकीव नव्हतं, त्यात कॅसिओ मीच वाजवलाय. आता राजपुऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली तिथे इंदूरला शिकणारी, कानात बाळी घातलेली पोरं येतात आणि मला ऐकवतात की काका, वो अल्बम तो टाइम के आगे था. मी त्यांच्या मोबाइलची काच बदलत असतो. म्हणतो, हो का, मग तेव्हाच सांगायचं होतंत. तेव्हा ही पोरं पाळण्यात असतील, त्यांचा काय दोष? पण राग कुणावर तरी काढावा लागतो.

बँड म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला लाल कोटातली पाच-सहा दमलेली माणसं दिसतात. आमच्याकडे तसं नाही. तापीच्या दोन्ही काठांना बँड म्हणजे काय, हे एकदा उन्हाळ्यात येऊन बघावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली भोंग्यांची भिंत, डोळे दिपवणारे दिवे, धुराचं मशीन, आणि समोर नाचायला तीन-तीन गावांची गर्दी. नवरदेव कोण आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं. लग्न ठरलं की आधी बँडची तारीख घेतात आणि मग गुरुजींना सांगतात की या तारखेला मुहूर्त काढा. गुरुजी काढतातही.

त्या काळात आमच्या तोडीचा बँड नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो. मास्टर म्हणजे आमचे गायक आणि मालक. टिकल्यांचा कोट, घोट्यापर्यंत लोळणारा सोनेरी झगा, फेट्यावर मोराचं पीस. ट्रॉलीच्या मधोमध एक जॅक बसवला होता. धूर सुटला की मास्टर त्यावर उभे राहून हळूहळू वर यायचे, आणि माणसं वेड्यासारखी ओरडायची. माझे वडील साताऱ्याकडून येऊन नेपानगरच्या कागद कारखान्यात लागलेले, सरळ रेषेत चालणारे गृहस्थ. बीएस्सी झालेला मुलगा चमकीचं जाकीट घालून वरातीत कॅसिओ वाजवतो, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. मला मात्र त्या ट्रॉलीवर जे सुख मिळालं ते पुन्हा कुठे मिळालं नाही, खोटं कशाला बोलू?

पहिले चार अल्बम निव्वळ नाचाचे. जळगावच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत उरकायचे, सीडी निघायची, मग मेमरी कार्डात भरभरून गावोगाव जायची. केळीच्या ट्रकवर, पानटपरीवर, जिकडे तिकडे आम्हीच. पाचव्याच्या वेळी मास्टर स्टुडिओत आले ते गप्प. ऑक्टोपॅडवाल्याला म्हणाले, तू खिशात हात घालून बस. ढोल-ताशाला बाहेर चहाला पाठवलं. मला म्हणाले, कमी वाजव, आणखी कमी, अरे तुला वाजवायला कुणी सांगितलंय. मी वैतागून तीन सूर धरून ठेवले आणि बोट हलवलं नाही. आता त्या तीन सुरांवर पोरं लांबलचक लिहितात, म्हणे काय संयम आहे. कसला संयम? मी रुसलो होतो.

मग क्लॅरिनेट सुरू झालं आणि मास्टर गायले. नेहमीचा भरदार आवाज नाही. खालच्या पट्टीत, कुणी शेजारी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही अशा बेताने. गाणं आमच्या खानदेशी बोलीतलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आलाय, लग्न झालेल्या पोरी माहेरी यायला लागल्यात, आणि भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला बैलगाडी घेऊन निघालाय. कडव्यामागून कडवं तो वाटेतल्या गावांची नावं घेतो. शेवटच्या कडव्यात तो परत आलेला असतो. 'गाडी उनी रिती, माय, गाडी उनी रिती.' गाडी रिकामी आली. का रिकामी आली, ते गाण्यात कुठेही नाही.

ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मास्टरांची थोरली बहीण नदीपलीकडच्या एका गावात दिलेली. मिसरूड फुटायच्या वयात मास्टर तिला आखाजीला आणायला गेले, तर वेशीवरच माणसांनी त्यांना थांबवलं. ती विहिरीतून काढली होती. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं, पंचांनी मान डोलावली, आणि त्यावर कुणी पुढे काही केलं नाही. मास्टर हे कधी बोलायचे नाहीत. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं जेवलो-झोपलो, मला हे आमच्या ढोलवाल्याने सांगितलं.

अल्बम आला आणि बोंब झाली. मुखपृष्ठावर मास्टरांचा गॉगलवाला फोटो नाही, नुसती बैलगाडी. दुकानदार म्हणाले, हे काय मयताचं सामान आणलंय. काही माणसं मात्र ते गाणं ऐकून आमच्याकडे यायची आणि मास्टरांचा हात धरून उभी राहायची. त्यांत लेकींचे बाप जास्त. असे दोन तट पडले आणि त्यांची आपापसात भांडणंही झाली. मी पहिल्या तटात होतो. माझं म्हणणं सरळ होतं: लोक आपल्याला नाचायला बोलावतात, रडायला त्यांचं घर आहे.

त्यातच डोईफोडिया गावातलं एक लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मुलीच्या मामाने हट्ट धरला की तेच गाणं वाजवा. मास्टरांनी वाजवलं. वर्ष व्हायच्या आत ती पोर माहेरी परत आली, नवऱ्याने टाकली म्हणून. नवरा कसा होता हे तिथल्या कुत्र्यामांजरालाही माहीत होतं, पण दोष लागला गाण्याला. ज्या मांडवात ते वाजतं तिथली पोर नांदत नाही, असं पसरलं. पसरता पसरता असं झालं की त्या गाण्याचं नावही कुणी शुभकार्यात घेईना. 'ते' गाणं म्हणायचे, आणि बायका ते म्हणतानाही पदर सावरायच्या. सुपाऱ्या येणं थांबलं. ट्रॉली गेली, भोंगे गेले, मी दुकान टाकलं. मास्टर शाळेच्या कार्यक्रमांना देशभक्तीची गाणी बसवून द्यायला लागले. जॅकवरून वर येणारा माणूस पोरांना रांगेत उभं करताना मी पाहिला, आणि मला त्या अल्बमचा अधिकच संताप आला.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा तो अल्बम मीच चढवला. दुकानात बसल्या बसल्या, उगाच. माझ्याकडे सीडी होती, धूळ खात होती. त्यानंतरच ही पोरं यायला लागली. त्यांच्यामुळे मीही दुकान बंद करायच्या वेळी एकदा पुन्हा नीट बसून ऐकला. आता माझं मत विचाराल तर ऐका. त्यातली चार गाणी खरंच भिकार आहेत. मोबाइलवरचं जे आहे ना, ते तर ऐकवत नाही. सीडी काढणाऱ्या कंपनीने गळ्यात मारली म्हणून घातली होती. पण ते गाणं? ते गाणं आम्ही केलेल्या सगळ्यापेक्षा उंच आहे. मास्टर त्यात एकदाही रडत नाहीत. वाटेतली गावं मोजतात, बैलांशी बोलतात, आणि आपला जीव खालीवर होत राहतो. कान बंद असल्यासारखा मी तेव्हा ते ऐकत होतो, दुसरं काय. मी मास्टरांना तसं सांगायला गेलो तर ते म्हणाले, आता कशाला, पोरीचं जमवतोय.

त्यांची एकुलती एक मुलगी, उशिरा झालेली. बी.एड. झालेली, बोलायला मोकळी, बापासारखाच गळा. पण स्थळं यायची आणि घर कुणाचं हे कळलं की पुढचा निरोपच यायचा नाही. 'ते' गाणं ज्याने गायलं त्याची पोर. नांदेल का? अशी तीन-चार वर्षं गेली. मास्टर वरून काही दाखवायचे नाहीत, पण त्यांची झोप उडाली होती, हे त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं. शेवटी दापोऱ्याच्या एका घरातून होकार आला. केळीचे बागायतदार, मुलगा शेती बघणारा, शांत. बोलणी करायला मास्टर मला घेऊन गेले.

सगळं सुरळीत ठरलं. उठता उठता मुलाचा थोरला काका म्हणाला की आमची एकच विनंती आहे. व्याह्यांनी लग्नात माईक हातात घेऊ नये. आणि ते, ते काही व्हायला नको. कोणतं ते, हे तो बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही. साऱ्या खानदेशाला नाचवणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीच्या लग्नात गायचं नाही. माझं डोकं फिरलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मास्टरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मान्य आहे.

घोळ झाला तो यातूनच. वरातीला बँड वरपक्षाने ठरवला होता, जळगावकडचा, नव्या पोरांचा, सध्या नावाजलेला. त्यांना कुणीतरी बजावायला हवं होतं की ते गाणं वाजवायचं नाही. पण बजावायचं म्हणजे नाव घ्यायचं, आणि लग्नघरात नाव कोण घेणार? वरपक्षाला वाटलं मुलीकडचे सांगतील, त्यांचाच माणूस आहे. आम्हाला वाटलं अट त्यांची, ते सांगतील. हळदीपासून वरातीपर्यंत सगळे आहेर-मानपान निभावले गेले, आणि एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही.

बँडवाल्यांत एक रीत आहे. वरात एखाद्या जुन्या उस्तादाच्या दारावरून जात असेल तर तिथे थांबायचं आणि त्याचंच गाणं वाजवून सलामी द्यायची. रस्त्यातली गर्दी असो, मुहूर्त टळत असो, सलामी चुकवायची नाही. आम्हीही दिलेल्या आहेत. त्या दिवशी ऊन कलताना वरात राजपुऱ्यात शिरली. मांडव मास्टरांच्या दारातच होता. मास्टर हार घेऊन कमानीत उभे, मी त्यांच्या मागे. घोडीवर नवरदेव, पुढे ट्रॉली. ट्रॉली थांबली. नव्या बँडचा गायक, टिकल्यांच्या कोटातला, कोवळा पोरगा, माईकवर म्हणाला की ज्यांच्यामुळे आम्ही या धंद्यात आलो त्यांच्या दारात आम्ही उभे आहोत. मग त्याने मागे वळून खूण केली.

मी त्यांच्या कॅसिओवाल्याचं बोट पाहिलं. तीन सूर. माझेच. मी हात हलवत पुढे घुसलो, पण गर्दी इतकी की कोण ऐकतो. क्लॅरिनेट सुरू झालं. मागच्या पोरांनी ओळखलं आणि शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर झाले. एवढ्या प्रेमाने ते गाणं कधीच कुणी वाजवलं नसेल. आणि वाजवलंही होतं चांगलं, हे मी आजही म्हणेन.

वऱ्हाडातल्या बायका जागच्या जागी थांबल्या. मुलाची आई खाली बसली. थोरल्या काकाने घोडीचा लगाम धरला आणि घोडीवाल्याला अगदी शांतपणे म्हणाला, घोडी मागे फिरव. घोडीवाला गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. नवरदेवाने मान खाली घातली. वरच्या खिडकीत मास्टरांची मुलगी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. तिने खिडकीचा गज धरला होता.

मास्टरांनी हातातला हार माझ्या हातात दिला आणि ते ट्रॉलीकडे चालायला लागले. गर्दीने वाट दिली. पोरांना वाटलं उस्ताद गाणार, त्यांनी आणखी गलका केला. त्या गायक पोराने वाकून पाया पडून माईक दिला, आणि कुण्या उत्साही माणसाने धूर सोडून जॅक चालू केला. मास्टर धोतर-सदऱ्यात त्या धुरातून वर आले. हात वर करून त्यांनी वाद्यं थांबवली.

"हे गाणं माझं नाही," ते म्हणाले. "कंपनीने लिहून दिलं, मी पैशासाठी गायलो. वाईट गाणं आहे. माझ्या घरात असं काही घडलेलं नाही. मला बहीण नव्हती."

एवढं बोलून त्यांनी त्या कॅसिओवाल्याला आमच्या पहिल्या अल्बममधलं नाचाचं गाणं धरायला सांगितलं आणि गायला लागले. माईक हातात घ्यायचा नाही ही अट होती, पण आता ती कुणाला आठवत नव्हती. आवाज फाटत होता, दम पुरत नव्हता. ते जॅकवर उभ्या उभ्या नाचले, कंबर हलवून, डोळा मारून, जसे पूर्वी नाचायचे. वऱ्हाडातली पोरं आधी बिचकली, मग नाचायला लागली. थोरल्या काकाने लगाम सोडला. घोडी पुढे आली. मुलाच्या आईला दोघींनी हात धरून उठवलं, आणि तिनेही टाळी वाजवली. मला तिथे उभं राहवत नव्हतं, पण हार माझ्या हातात होता.

लग्न लागलं. जेवणं झाली, वांग्याची भाजी छान झाली होती, सगळे म्हणत होते. पाठवणीला मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बापाजवळ आली तेव्हा मात्र रडणं थांबवलं. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं. हळूच म्हणाली, "पप्पा, आत्याचं गाणं मला अख्खं येतं." मास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिकडे गुणगुणूसुद्धा नकोस." ती गाडीत बसली.

मांडव रिकामा झाल्यावर मी त्यांच्यावर घसरलो. म्हटलं, मास्टर, गाणं वाईट म्हणालात, म्हणा, तुमचं आहे. पण बहीण नव्हती काय म्हणता? तिच्यासाठी होतं तेवढं एक गाणं होतं या जगात, तेही चारचौघांत पुसून टाकलंत? मी बरंच बोललो, नको तितकं. ते खुर्चीवर बसून पायातले मोजे काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई तिकडे गेली तेव्हा मी काही करू शकलो नाही. आज करता आलं." आणि मोजे खुर्चीखाली सारून, "तू चढवलंयस ना ते, काढून टाक."

मी काढलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या. खाली लोकांनी किती काय काय लिहिलेलं, कुणाची बहीण, कुणाची लेक, ते सगळं त्याबरोबर गेलं. पण पोरांनी आधीच उतरवून ठेवलं होतं. आता ते दुसऱ्याच कुणाकुणाच्या नावावर फिरतं आणि खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक गीत, गायक अज्ञात. मी ते मास्टरांना दाखवलं. माझी समजूत होती की त्यांना लागेल. ते म्हणाले, बरं झालं.

मुलगी दापोऱ्याला नांदतेय. माणसं वाईट नाहीत, निदान आमच्या कानावर तसं काही आलेलं नाही. मास्टर रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात आणि तिथून तिला फोन लावतात, घरी बायकोसमोर नको म्हणून. बरी आहेस ना, एवढंच विचारतात. ती म्हणते, हो पप्पा, बरी आहे. मग फोन ठेवल्यावर ते मला विचारतात, तुझा कान चांगला आहे, सांग, आवाज कसा वाटला? मी म्हणतो, चांगला होता. ते मान हलवतात आणि म्हणतात, माझी बहीणपण असंच म्हणायची, बरी आहे.